मुलाखत घेणाऱ्यांची आंघोळ

माझी मुलाखत दुपारी होती. नापास मी सकाळीच झाले होते.

मधल्या वेळात हे मला कुणी कळवलं नाही. त्यामुळे मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापूनचोपून बांधून, स्वतःचे गुण आणि उणिवा तोंडपाठ करत लातूरला आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात बसून होते. (उणिवा अशा सांगायच्या की त्या गुणच वाटल्या पाहिजेत, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं. 'हातातलं काम पुरं झाल्याशिवाय मी उठत नाही', ही माझी उणीव. आमच्या जळकोटात अशी उणीव असलेल्या पोरीला लोक सून म्हणून मागून नेतात.)

हा सगळा खटाटोप इंटर्नशिपसाठी होता. एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात सहा आठवडे एखाद्या कंपनीत काम करायचं, असा विद्यापीठाचा नियम. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे हा शब्द दादांना मीच फोनवरून समजावून सांगितला. दादा म्हणजे माझे वडील. जळकोटात त्यांचं किराणा दुकान.

"म्हंजी नोकरी लागली का?"

"नोकरी न्हाई दादा. सहा आठवडे नुस्तं काम करायचं, शिकायचं."

"पगार?"

"न्हाई."

"बिनपगारी राबायला पोरं इंटरव्ह्यू देऊन जायलेत?"

"हाव."

"मंग आपल्या दुकानात ये की. मी इंटरव्ह्यू बी घेत न्हाई."

पण दादा उगाच अडून बसणारे नव्हते. त्यांची अट एकच. पुण्याची कंपनी बोलवत असेल तर खुशाल जा. आपण होऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. बोलावणं आल्याशिवाय आमच्याकडं बारशालासुद्धा कुणी जात नाही, मग पुण्याला कसं जाणार? त्यामुळे माझं पुणं ह्या एका मुलाखतीवर अडकलं होतं. दुसरी कुठली कंपनी लातूरला येणार नव्हती. हीसुद्धा वाट चुकल्यासारखी येत होती. आणि त्या सहा आठवड्यांत ज्याचं काम आवडेल, त्याला ते पुढं ठेवूनही घेणार होते.

मला नेमकं काय हवं होतं तेही सांगून टाकते. गळ्यात अडकवायचं ते कार्ड. फोटोचं, रंगीत पट्टीचं. आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग असतं. त्याच्या शेजारी कंपनीचं कार्ड लटकलेलं मला जागेपणी दिसायचं. चालताना ती दोन्ही एकमेकांवर आपटून वाजायचीसुद्धा.

ते साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं आणि लोक रेल्वेला हार घालायचे. नळ फक्त भिंतीला होते. ओले केस घेऊन एखादी बाई रस्त्यानं निघाली, तर अंगभर सोनं घातल्यासारखं लोक तिच्याकडं वळून बघायचे. मी लातूरला मामांकडं राहायचे. मन्मथमामांचा स्वतःचा टँकर होता. म्हणजे त्या वर्षापुरते ते जवळजवळ आमदारच होते. ज्यांनी जन्मात कधी ओळख दाखवली नव्हती, ते लोक स्कूटर थांबवून रामराम घालायचे. तरी मामांच्या घरात पाणी मापानंच. गल्लीत ज्या दिवशी टँकर येईल त्या दिवशी, गल्लीबरोबर रांगेत, आम्हीही भरायचं, हा मामींचा नियम.

"दारात टँकर उभा करून आपण एकट्यानं भरलं, तर बाया शिव्या देणार न्हाईत," त्या म्हणायच्या. "तळतळाट देतील. शिव्या परवडल्या."

कंपनीची माणसं मुलाखतीच्या आदल्या दिवशी आली. एक साहेब, एक मॅडम. त्यांनी हॉलमध्ये पडद्यावर पुण्याच्या ऑफिसचे फोटो दाखवले. एका फोटोत ऑफिसच्या दाराशीच काचेची उंच भिंत होती आणि तिच्यावरून पाणी वाहत होतं. नुसतंच वाहत होतं. कुणी भरून घेत नव्हतं. हॉलमध्ये चिडीचूप. साहेबांना वाटलं, पोरं कंपनी बघून भारावली.

"काही प्रश्न?" त्यांनी विचारलं.

कंपनीची उलाढाल, शाखा, बढती, सगळ्यावर प्रश्न विचारायचे असं आम्हाला पढवलेलं होतं. हात एकच वर झाला.

"सर, ते पाणी दिवसभर चालू असतंय?"

शेवटी मॅडम हसत म्हणाल्या, "सॉरी हं, आम्ही दोघंही आज आंघोळ न करताच आलोय. हॉटेलवाल्यानं सकाळी तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाला, ॲडजस्ट करा." सगळे हसले. मीही हसले. आणि घरी जाऊन जेवताना मी ही गंमत मामांना सांगितली. शिकलेल्या माणसानं घरी गंमत सांगू नये, एवढा एक धडा मी त्या वर्षी शिकले.

मामांचा घास हातातच राहिला.

"बिनआंघोळीचे बसले दिवसभर?"

"हाव."

"आपल्या गावात आलेले पाव्हणे?"

"पाव्हणे कुठले मामा. ते इंटरव्ह्यू घ्यायला आलेत."

"कुणाचा?"

"माझा."

"मंग आपलेच की पाव्हणे."

मामी भाकरी वाढत म्हणाल्या, "तुमी जेवा गप. एक दिवस न्हाई न्हाली तर पुण्याची मानसं काय विटणार न्हाईत."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडले एमबीए. मी म्हणाले, "तसं न्हाई मामी. बिनआंघोळीचा माणूस चिडका होतो. उद्या आमच्यावरच काढतील."

मामा त्यावर काहीच बोलले नाहीत. ताटात हात धुऊन उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. आमच्या मामांचं असं आहे, की ते बोलत असतील तोवर काही भीती नसते.

सकाळी मी लवकरच कॉलेजला गेले. माझ्यामागं जे घडलं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे माझ्यासारखं तुम्हाला अडाणी राहायला नको.

त्या सकाळी टँकर आमच्या गल्लीत यायचा होता. बायांनी घागरी, ड्रम, पातेली, कूलरच्या टाक्या, म्हणजे ज्यात म्हणून पाणी राहू शकतं ते सगळं घरातून काढून रांगेत मांडलं होतं. टँकर भरून आला, गल्लीच्या तोंडाशी पोचला, आणि तिथं उभ्या असलेल्या मामांनी हात करून तो वळवला.

टँकर चालवायचे गौसभाई. मामांनी त्यांना नीट पढवलं. "हॉटेलाच्या टाकीत सगळं सोड. पैशाचं नाव काढायचं न्हाई. आन् सांगायचं, शिवलीलाकडून हाय. नाव नीट सांग. आज तिचा इंटरव्ह्यू हाय म्हणावं."

"हौ भाई. और कुछ?"

और कुछ होतं. पाहुण्याला नुसतं पाणी पाठवणं मामांना बरं दिसेना. आमच्याकडं पाहुणा मोकळ्या हातानं जात नाही. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला खण-नारळ. ह्याला आहेर म्हणतात. तो सोयऱ्याला करतात, बदली झालेल्या मास्तरला करतात. एकदा तार जोडायला आलेल्या वायरमनलासुद्धा मामांनी तो केला होता, आणि तो बिचारा टोपी घालूनच खांबावर चढला होता. "शिवाय आंघोळ म्हणल्यावर टॉवेल लागतोच की," असा मामांचा बिनतोड हिशेब. मामींच्या कपाटातला खण, नवा टॉवेल, पांढरी टोपी, दोन नारळ आणि मामांच्या मनात आलं म्हणून एक वासाच्या साबणाची वडी, एवढं ताटात घालून त्यांनी ते गौसभाईंच्या शेजारच्या सीटवर ठेवलं.

गौसभाई पाणी सोडून निघून आले असते, तरी निभावलं असतं. पण दिलेला निरोप समक्ष पोचवल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. ते ताट मांडीवर घेऊन हॉटेलच्या सोफ्यावर बसून राहिले. साबण तेवढा त्यांनी आधीच पोऱ्याबरोबर वर पाठवला. यथावकाश साहेब आणि मॅडम नाश्त्याला खाली उतरले. दोघांचे केस ओले. गौसभाई उठून उभे राहिले.

"नाहे क्या साब? पानी बराबर आया?"

साहेबांना वाटलं, हा हॉटेलचाच माणूस. "हां हां, बहुत अच्छा आया. थँक्यू."

"शिवलीला भेजी. हमारी बच्ची है. आज इंटरव्यू है ना उसका, तुम्हारेच पास."

आणि ताट पुढं केलं.

"साब नक्को नक्को बोल रहे थे," गौसभाईंनी मला नंतर अभिमानानं सांगितलं, "पर मैं छोड्या नै. टोपी तो मैंच रखा उनके सर पो."

ओल्या केसांवर!

इकडं कॉलेजात आम्हाला गोल बसवून गटचर्चा चालू झाली. मॅडमनी विषय दिला, 'पाणीबचतीत तरुणांची भूमिका'. रेणापूरचा एक मुलगा होता. त्याच्या होस्टेलात कपडे धुवायला बंदी होती, म्हणून तो शनिवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन गावाकडं जायचा. तो इंग्रजीतून म्हणाला, दात घासताना नळ बंद ठेवावा. दुसरी म्हणाली, शॉवरऐवजी बादली वापरावी. मी म्हणाले, रोज गाडी धुवू नये. आमच्यातल्या कुणाकडंही गाडी नव्हती, शॉवर नव्हता, नळाचं वर सांगितलंच आहे. पण पुस्तकात जे होतं ते आम्ही बोललो, आणि मॅडम मान डोलवत लिहून घेत राहिल्या. लातूरच्या पोरांनी पाणी कसं वाचवायचं ते बोलून दाखवायचं आणि पुण्याच्या माणसांनी त्याला गुण द्यायचे, ह्यात काही वावगं आहे असं त्या खोलीत कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही. आपलं वाक्य सगळ्यांत चांगलं झालं, ह्या आनंदात मी होते.

मग एकेकाला आत बोलावलं.

आत गेल्यावर मला पहिल्यांदा दिसले ते मॅडमचे केस. सुटे, धुतलेले, दारापर्यंत वास येणारे. मला एकदम हलकं वाटलं. मिळालं म्हणायचं पाणी, आता चिडचिड करणार नाहीत.

नाव सांगितल्याबरोबर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, माझं गुणपत्रक बघून माझी कीर्ती आधीच पोचलेली दिसते.

"तर तुम्ही शिवलीला," साहेब म्हणाले.

"हो सर."

"बरं. स्वतःबद्दल सांगा."

सांगितलं. पाठच होतं. मॅडम इंग्रजीतून विचारायच्या आणि मला कळलं नसेल म्हणून साहेब तेच मराठीतून परत विचारायचे. मला पहिल्याच खेपेला कळायचं. पण त्यांचा विरस नको, म्हणून मी दोन्ही वेळा मान हलवायचे.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

ह्याचं उत्तर दादांनी सकाळीच फोनवर देऊन ठेवलं होतं. दादा नव्या जिल्ह्याच्या मागणीतले बिनीचे कार्यकर्ते. उदगीर जिल्हा झाला की आमचं जळकोट त्यात जाणार, मग कलेक्टर हाकेच्या अंतरावर येणार, आणि मग काय काय होणार ह्याला अंत नव्हता. त्यापायी दुकान बंद ठेवायची एकही संधी ते सोडत नसत. "पाच वर्षांनी कुठं, आसं इचारलं तर ठासून सांग," ते म्हणाले होते. "उदगीर जिल्ह्यात." हे उत्तर काही झालं तरी द्यायचं नाही, असं मी ठरवून आले होते. पण समोरचे दोन्ही चेहरे इतके ताठ होते, की वाटलं, जरा हसवावं.

"सर, गाव तेच राहील. जिल्हा तेवढा बदललेला असेल."

कुणी हसलं नाही. मॅडमनी काहीतरी लिहिलं, आणि ते बराच वेळ लिहिलं. (जिल्हा अजून झालेला नाही. म्हणजे तेही उत्तर चुकलंच.)

मग मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"समजा, तुम्ही आमच्या कंपनीत आहात. एक कंत्राट द्यायचं आहे. निर्णय व्हायच्या आधी ते मागणाऱ्यांतल्या एकानं तुमच्याकडं भेट पाठवली. तुम्ही काय कराल?"

हा प्रश्न पुस्तकात होता. माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

"ताबडतोब परत करीन मॅडम."

"आणि त्या माणसाचं?"

"त्याचं नावच काढून टाकीन. ज्याला स्वतःच्या कामावर भरवसा नाही, तोच भेटी पाठवतो."

"अरे वा." मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. "आणि भेट परत करता येण्यासारखी नसेल तर?"

"परत करता येत नाही अशी कुठली भेट असते मॅडम?" मी चक्क हसले.

साहेबांनी केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, माझं उत्तर आवडलं.

मॅडमनी टेबलाखालून एक पिशवी वर घेतली. टॉवेल काढला. मग टोपी. मग एक नारळ, दुसरा नारळ. शेवटी खण. खण मी तेव्हाच ओळखला. गेल्या पंचमीला मामींबरोबर दुकानात जाऊन तो मीच पसंत केला होता. (साबणाची वडी पिशवीत नव्हती. तिचं काय झालं हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही.)

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"आहेर आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे भेट."

"भेट नाही मॅडम. आहेर."

"फरक काय?"

फरक मला माहीत होता. फक्त तो आजवर मला कुणी विचारला नव्हता. "भेट काम व्हावं म्हणून देतात. आहेर, काम झालं तरी द्यावा लागतो आणि न झालं तरी द्यावा लागतो. तुम्ही मला नापास करून गेला असतात, तरी मामांनी तो स्टँडवर येऊन दिला असता."

"पण दिला आधी," साहेब म्हणाले. "आणि अख्खा टँकर पाणी? तोही आहेरच का?"

"कुठला टँकर?"

मग साहेबांनी सगळं सांगितलं. टँकर, सोफा, ताट, टोपी. टोपीचं सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. मी ऐकत होते, पण माझ्या डोळ्यांपुढं आमची गल्ली आली. आज गल्लीचा टँकर होता. एवढ्या बाया, एवढी भांडी, आणि तो टँकर ह्या दोघांच्या डोक्यांवरून गेला होता.

"आमच्याकडं इंटिग्रिटीला फार महत्त्व आहे," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "आणि तुम्हीच आत्ता म्हणालात, अशा माणसाचं नाव काढून टाकीन."

म्हणाले होते. चांगलं ठणकावून म्हणाले होते. स्वतःच्या हातानं स्वतःला इतकं नीटनेटकं नापास केलेली विद्यार्थिनी त्यांनी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात पाहिली नसेल.

मी रडले असते, माफी मागितली असती, तर काय झालं असतं कोण जाणे. पण आमच्याकडची माणसं रडायच्या आधी उभी राहतात. मी उठले, टॉवेल, टोपी, खण, नारळ सगळं पिशवीत भरलं.

"मॅडम, हे मी परत नेते. आंघोळीचं काय करता?"

"म्हणजे?"

"सकाळी घेतलीत ती. तीपण परत द्या."

"तो मुद्दा नाही," साहेब म्हणाले.

"मुद्दा तोच आहे सर. बाकीचं सगळं दुकानात मिळतं."

 दारातून मी नीट चालत बाहेर पडले, एवढं मी स्वतःच्या बाजूनं सांगून ठेवते.

निकाल संध्याकाळी लागला. एकच नाव होतं. त्या मुलाचे काका आमच्या संस्थेवर होते, आणि आदल्या दिवशी साहेब-मॅडमचं जेवण त्यांच्याच बंगल्यावर झालं होतं. पुरणपोळी होती, आमरस होता. तो मुलगाच आम्हाला रंगवून सांगत होता. त्याला नावं ठेवत नाही, पोरगा हुशार होता. फक्त जेवू घातलं की त्याला नेटवर्किंग म्हणतात. त्यावर आमच्या अभ्यासक्रमात एक अख्खं प्रकरण होतं. पाणी पाजण्यावर नव्हतं.

मी गल्लीत शिरले. भांडी अजून रांगेतच होती, रिकामी. सोजरबाई, म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या मावशी, आपल्या ड्रमावर टेकून उभ्या होत्या.

"आली बगा. काय गं शिवलीला, लागली का नोकरी आमच्या पाण्यावर?"

"न्हाई लागली मावशी."

"न्हाई?" त्या शेजारणीकडं वळल्या. "घ्या. पोरगी लागली आसती तर म्हनलं आसतं, गेलं पाणी कारणी लागलं. ही तर रिकामीच आली."

शेजारीण म्हणाली, "रिकामी कुठं, पिशवी हाय की हातात."

मामा ओट्यावर माझी वाटच बघत होते. त्यांची नजर पिशवीवर गेली.

"हे कामून परत आणलंस? टॉवेल आखूड पडला का?"

"लाच म्हणले मामा."

"कशाला?"

"टॉवेलाला, पाण्याला. सगळ्यालाच. माझं नाव काढून टाकलं."

मामांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. जणू तीच काहीतरी बोलून बसली असेल. मग त्यांनी विचारलं, "आंघोळ केली पण त्यांनी?"

"केली."

"मंग?"

 मामांचा चेहरा बघून मला त्यांच्यावर ओरडायचं होतं तेही राहून गेलं. सगळा दिवस ज्याच्यावर ओरडायचं म्हणून साठवून आणलं, तो माणूसच जर असा बसलेला असेल, तर शिकलेल्या बाईनं करायचं काय?

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. हॉटेलचा मॅनेजर. तो इतक्या मोठ्यानं बोलायचा, की ओट्यावर सगळ्यांना ऐकू यायचं.

"मामा, पुण्याचे पाव्हणे उद्या सकाळी निघायलेत. निघायच्या आधी अजून एक गाडी जमल का? साहेबांनीच आठवण काढली. म्हनले, कालच्या त्या टँकरवाल्याला इचारा की."

काल नव्हे, आजच. पण आंघोळ झाली की दिवस लवकर जुना होत असावा.

मामांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. आणि खरं सांगते, त्या माणसाच्या मनात अजून पाठवावा असंच होतं. "पाव्हणे हाईत," ते हळूच म्हणाले. "प्रवासाला निघायलेत."

मी तोंड उघडायच्या आत मामी आतून आल्या. त्यांनी मामांच्या हातातून फोन काढून घेतला.

"त्यास्नी आधी इचारून घ्या," त्या मॅनेजरला म्हणाल्या, "उद्याचं पाणी आहेर म्हणून पायजे का लाच म्हणून. ठरलं की कळवा."

फोन ठेवला, खिळ्याला अडकवलेली टँकरची चावी काढली, कंबरेला खोचली आणि भाकरी थापायला आत गेल्या. पिशवीतला खण जाताजाता उचलला. दुसऱ्या दिवशी टँकर गल्लीत आला.

दादांना मी फोनवर एवढंच सांगितलं, "न्हाई झालं."  ते म्हणाले, "बोलावणं न्हाई आलं. बरं. मंग जायचं न्हाई." दुसरं काही विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, निदान रागवावं तरी. त्यांनी जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. पुणं माझ्या आयुष्यातून इतक्या कमी शब्दांत गेलं.

पण सहा आठवड्यांची इंटर्नशिप तर करायलाच हवी होती. नाहीतर दुसऱ्या वर्षाला बसता येत नव्हतं. शेवटी ती मी मामांच्या टँकरवर केली. कॉलेजच्या नियमाप्रमाणं त्याआधी मुलाखत लागते, म्हणून मामांनी ओट्यावर बसून ती रीतसर घेतली. "उन्हात उभी ऱ्हाशील का?" एवढा एकच प्रश्न होता. मी हाव म्हणाले आणि आयुष्यातली पहिली मुलाखत पास झाले. अहवालाचं नाव मी ठेवलं, 'नागरी पाणीवाटपाचं व्यवस्थापन'. नांदेडहून तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांना ते फार आवडलं. "प्रत्यक्ष लोकांत जाऊन काम केलंय," ते म्हणाले. "ग्राहकांचा विश्वास कसा संपादन केलात?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं आणि पुरे गुण घेतले. खरं असं, की ते सहाही आठवडे मी टँकरमागं नुसती उभी होते. पाईपला हात लावायला गेले, की सोजरबाई ड्रमावरून सगळ्या गल्लीला सांगायच्या, "तिच्या हातात देऊ नका गं बायांनो. शिकलेली हाय ती. कुणीतरी केस धुवायचं ऱ्हायलंय म्हनून सांगंल, आन् ही पाईप तिकडं फिरवंल."